अनुभव धागा: ‘वंडर’ पाहून झाला, आता वेगळ्या चेहऱ्याच्या मुलासाठी करायचं काय?

‘वंडर’ (२०१७) हा ऑगी नावाच्या, जन्मापासून वेगळा चेहरा असलेल्या शाळकरी मुलाचा सिनेमा. तो पाहताना रडू येतंच. पण ऑगीसारखं मूल आपल्या घरात, वर्गात किंवा शेजारी असेल तर काय करायचं, हे सिनेमा संपल्यावरच सुचायला लागतं. या मुलांसोबत काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. कौतुक नको, कामाचं हवं.

कानांबद्दल
ऑगीला आहे तो ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम. यात गालाची आणि जबड्याची हाडं नीट वाढत नाहीत. बाहेरचा कान अनेकदा अर्धवट असतो, कधी कानाचं भोकच नसतं. आतला कान मात्र बहुधा चांगला असतो, फक्त आवाज तिथवर पोहोचत नाही. म्हणून हाडातून आवाज पोहोचवणारं यंत्र डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर बसवून तान्हेपणीच सुरू करायचं. यंत्राची चकती कानामागच्या हाडावर सपाट टेकली पाहिजे. खाली केसांचा पुंजका आला की आवाज बारीक होतो. यंत्र टोपीला किंवा उशीला घासलं की शिटी वाजते. पट्टा एक बोट आत जाईल इतकाच घट्ट ठेवायचा आणि चकतीची जागा दिवसातून दोन-तीनदा थोडी सरकवायची, नाहीतर कातडी लाल होते.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे “कानाचं ऑपरेशन झालं की ऐकू येईल” म्हणून थांबणं. बरगडीच्या कूर्चेपासून कान घडवतात तो साधारण ६ ते १० वर्षांच्या वयात, आणि त्याने कानाला आकार येतो, ऐकू येत नाही. तोवर बोलणं शिकायची मोलाची वर्षं हातातून गेलेली असतात.

दूध पाजण्याबद्दल
अशा काही बाळांची तोंडातली टाळू दुभंगलेली असते, कधी ओठही. टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला तोंडात ओढ तयार करता येत नाही. बाळ चोखतं, दमतं, पोट रिकामंच. दाबता येणारी मऊ बाटली घ्या आणि बाळाला जवळजवळ बसतं धरा. जबडा हलला की बाटली हलकेच दाबायची, बाळ गिळेपर्यंत सोडायची, पुन्हा दाबायची. सलग दाबत राहिलात तर ठसका लागणारच. बाटलीच्या निपलचं भोक सुईने मोठं करू नका, त्यानेही तेच होतं. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरू नका. बाळाला अजून उभं धरा. पोटात हवा जास्त जाते, म्हणून मधेमधे ढेकर काढा. एक वेळचं दूध अर्ध्या तासात आटपलं पाहिजे, कारण त्यापुढे बाळ पितं त्याहून जास्त दमतं. सुरुवातीला दर आठवड्याला वजन करा.

दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळूचं ९ ते १८ महिन्यांत. पुढे हिरडीत हाड भरतात ते सुळा येण्याआधी. पालकांना हा सगळा क्रम पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर प्रत्येक पुढचं ऑपरेशन त्यांना आधीचं फसल्यासारखं वाटतं.

झोपेबद्दल, थोडक्यात
जबडा लहान असला की उताणं झोपल्यावर जीभ मागे पडून श्वास अडतो. मोठं घोरणं, रात्री घामाघूम होणं, सकाळी डोकं दुखणं दिसलं तर झोपेची तपासणी मागा. “मूल घोरतंच” म्हणून सोडू नका.

शाळेबद्दल
सिनेमात मुख्याध्यापक तीन मुलांना ऑगीला शाळा दाखवायला सांगतात. हेतू चांगला, पण नेमून दिलेली मैत्री मुलांना लगेच कळते. त्यापेक्षा दोघांना मिळून करायचं काम द्या: रोपांना पाणी, नकाशा रंगवणं. नजर हातातल्या कामावर राहते, चेहऱ्यावर नाही.

मुलाला स्वतःचं उत्तर तयार करून द्या. “जन्मापासून असाच आहे. दुखत नाही. तू कुठला खेळ खेळतोस?” घरी दहा-वीस वेळा म्हणून घ्या, म्हणजे वर्गात अडखळणार नाही. वर्गाला काय सांगायचं, कोणी सांगायचं, हे आधी त्या मुलालाच विचारा. वर्गाच्या फोटोत त्याला कडेला उभं करू नका. सिनेमात ऑगीला फोटोतून पुसून टाकलेलं दाखवलंय, त्याची सुरुवात अशा कडेच्या जागेपासूनच होते.

सिनेमा आणि नाटकाबद्दल
ऑगीचं काम करणाऱ्या जेकब ट्रेम्ब्लेचा चेहरा रंगभूषेने घडवलेला आहे. त्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन मिळालं. असाच चेहरा असलेल्या मुलाला ही भूमिका का नाही, असंही अनेकांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्तच आहे. शाळेच्या नाटकात निदान एवढं पाळा: खलनायकाच्या गालावर व्रण रंगवू नका. खरा व्रण असलेलं मूल समोर बसलेलं असतं.

मुलांना सिनेमा दाखवताना हॅलोविनच्या (मुलं सोंगं घेतात तो सण) प्रसंगानंतर थांबा. ऑगीचा मित्र जॅक त्याच्या पाठीमागे जे बोलतो, ते त्याला खरंच तसं वाटतं म्हणून की बाकीचे ऐकत आहेत म्हणून, एवढंच विचारा आणि मुलांना बोलू द्या. कुत्री मरते, हे लहानांना आधीच सांगून ठेवा.