जीएम पिकांची भीती नेमकी कशाची, जनुकाची की मालकाची?

नाकतोडा

आधीच सांगून टाकतो म्हणजे दोन्ही बाजूंना शिव्या द्यायला सोपं जाईल. जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, खाल्लं की माणूस आजारी पडतो हे मला पटत नाही. १९९६ पासून अमेरिकेत जीएम सोयाबीन पिकतंय, गुरं खातायत, माणसं खातायत, आणि २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने शेकडो अभ्यास चाळून जो अहवाल दिला त्यात नेहमीच्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा काही सापडला नाही. जीएम खाल्लेल्या त्या उंदरांच्या गाठींचे फोटो कृपया इथे डकवू नका, तो २०१२ चा पेपर जर्नलने दुसऱ्याच वर्षी मागे घेतलाय.

तरीपण माझा जीएमला विरोध आहे, आणि तो बियाण्यासोबत सही करून घेतात त्या कागदामुळे. अमेरिकेतल्या इंडियानाच्या बोमनची केस घ्या. हा बाबा पहिल्या पेऱ्याला मोन्सॅन्टो कंपनीचं जीएम बी रीतसर घ्यायचा, पण उशिराच्या पेऱ्याला कोठारातून मोंढ्याचं सोयाबीन आणून पेरायचा, वर ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचा, जे जगलं (म्हणजे ज्यात कंपनीचं जनुक होतं) त्याचं बी पुढच्या वर्षीला राखायचा, असं आठ वर्षं चाललं. मोन्सॅन्टोने खेचलं कोर्टात. २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, ८४ हजार डॉलरच्या वर भरपाई. तो म्हणत होता, बी आपोआप वाढतं, मी कुठे नक्कल केली? कोर्टाने त्याला 'दोष सोयाबीनवर ढकलणारा बचाव' म्हणून टोला हाणला. म्हणजे दाणा मातीत घालून त्याचे चाळीस दाणे करणं ही नक्कल! शेतकरी दुसरं करतो काय मग?

आणि हे मालक तरी किती उरलेत बघा. २०१७ मध्ये डाऊ आणि ड्यूपाँट एक झाले, त्याच वर्षी केमचायनाने सिंजेंटा घेतली, २०१८ मध्ये बायरने सुमारे ६३ अब्ज डॉलर मोजून मोन्सॅन्टो. बी विकणारा आणि त्या बियाला चालेल ते तणनाशक विकणारा एकच. बोला आता.

पेट्रीडिश

निम्मं पटलं म्हणून निम्म्यावर बोलते. तुमचं भांडण पेटंटशी आणि मक्तेदारीशी आहे, मग 'जीएमला विरोध' असं का लिहिताय? दरवर्षी नवीन बी घ्यायची सवय जीएमने लावली नाही हो. अमेरिकेत हायब्रीड मका १९३० च्या दशकात पसरला, तेव्हा जनुक म्हणजे कशाशी खातात हेही धड माहीत नव्हतं. हायब्रीडचं बी राखून पेरलं की पुढच्या पिढीत एक झाड उंच एक ठेंगणं, म्हणून शेतकरी आपणहून दुकानात परत जातो, कुठलं कोर्ट लागत नाही.

उलट बाजूची उदाहरणं पण घ्या ना. हवाईमध्ये पपईवर रिंगस्पॉट व्हायरस आला, बागाच्या बागा गेल्या. विद्यापीठातल्या लोकांनी व्हायरसचाच एक तुकडा झाडात घालून प्रतिकारक पपई केली, १९९८ मध्ये बी सुरुवातीला फुकट वाटलं. बांगलादेशात २०१४ ला सरकारी संस्थेने बीटी वांगं (बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक) २० शेतकऱ्यांना दिलं, तिथलेच सरळ वाण, बी राखलं तरी चालतं. यात कोणाचं राज्य आलं?

आणि एक कडू गोष्ट, कंपन्या इतक्या मोठ्या का झाल्या याचं अर्धं श्रेय विरोधकांना आहे. परवानग्या इतक्या अवघड करून ठेवल्या की एक जीएम गुणधर्म बाजारात आणायला १३ वर्षं आणि १३.६ कोटी डॉलर लागतात. कुठलं विद्यापीठ देणार? मग राहतात कोण, तर तेच तीन-चार.

हिशोबतपासनीस

१३.६ कोटी हा आकडा येणारच होता, दर वेळी येतो. ताई, तो २०११ चा सर्व्हे आहे, बियाणे-रसायन कंपन्यांच्याच संघटनेने करवून घेतलेला, आकडे कंपन्यांनीच दिलेले. आणि त्यातच पुढे लिहिलंय की परवानग्या आणि नोंदणीचा खर्च साधारण ३.५ कोटी, म्हणजे एक चतुर्थांशाच्या आसपास. बाकीचे पैसे जनुक शोधणं, झाडात बसवणं, वाणांत उतरवणं यात जातात. नियम शून्य केले तरी १० कोटी उरतात, तेवढे तुमच्या विद्यापीठाकडे आहेत का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणणार नाही, पण जवळ जवळ.

पेट्रीडिश

३.५ कोटी डॉलर म्हणजे काही चिल्लर झाली का? पपई पार पडली ती कमी पैशात पार पडली म्हणूनच. आज तीच पपई नव्याने आणायची म्हटलं तर कोणी हात लावणार नाही, एवढंच म्हणतेय. आकडा कंपन्यांचा आहे हे मात्र मान्य, ते मी सांगायला हवं होतं.

मिरगाचा किडा

टर्मिनेटर बियाणं राहिलंच की! ते झाड वांझ होतं आणि शेजारच्या शेतातलं पण वांझ करतं ते

पेट्रीडिश

ते कधी बाजारात आलंच नाही रे. १९९८ ला पेटंट मिळालं, डेल्टा अँड पाइन लँड आणि अमेरिकेचं कृषी खातं असं दोघांचं मिळून (हो, सरकारपण त्यात होतं, हे कोणी सांगत नाही), बोंबाबोंब झाली, १९९९ मध्ये मोन्सॅन्टोने वापरणार नाही असं जाहीर केलं. आणि वांझ झाड वांझपणा पिढ्यानपिढ्या पसरवणार कसं, जरा विचार कर.

मिरगाचा किडा

ओके माघार 🙏 पण नाव जबरी होतं

बांधावरून

तुम्ही सगळे कोर्टात नि लॅबमध्ये फिरताय म्हणून जरा शेतातलं सांगतो. मी कापूसवाला. बीटी आपल्या देशात २००२ ला आलं, त्याच्या आधी हिरव्या बोंडअळीने आम्हाला रडवलं होतं, फवाऱ्यावर फवारे, पंप पाठीवरून उतरत नव्हता, आणि बीटी आल्यावर पहिली काही वर्षं खरंच फवारे कमी झाले, हे जो नाकारतो त्याने कापूस केलेला नाही. मग हळूहळू गुलाबी अळी आली. ती बाहेरून दिसतच नाही. फूल उमलतं ते अर्धवट, पाकळ्या एकमेकीला चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या, आम्ही त्याला डोमकळी म्हणतो, ती हाताने सोडवली की आत बसलेली असते. बोंड बाहेरून हिरवंगार टणक, अंगठ्याने फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी. २०१७ ला तर वेचणीच्या वेळी बायका म्हणाल्या, भाऊ यात वेचायचं काय?

आता दोष कोणाचा. पिशवीबरोबर बिगरबीटीचं एक छोटं पाकीट यायचं, शेताच्या कडेने लावायला, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि विष पचवलेल्या अळीचा संकर त्यांच्याशी होईल, सगळीच फौज विष पचवणारी तयार होणार नाही. खोटं कशाला बोलू, मी ते पाकीट लावलं नाही. एकानेही लावलं नाही आमच्या शिवारात. एक तर ज्याला अळी लागणार हे माहीत आहे ते मुद्दाम कोण पेरेल, आणि दुसरं म्हणजे दुकानदाराने पाकीट हातात देताना 'ते सोडून द्या हो' असंच सांगितलं. वरून आमची फरदड, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापूस उभा, अळीला बारमाही जेवण.

पण हीच गुलाबी अळी अमेरिकेने २०१८ मध्ये संपली म्हणून जाहीर केली, बीटी कापूस लावूनच! पण नुसतं बीटी नाही, विमानातून वांझ पतंग सोडले, नराला चकवायला मादीचा कामगंध लावला, वेचणी झाली की पऱ्हाटी मातीत गाडायची, आणि शेतकरी संघटना नि सरकार एकत्र. जनुक तेच, अळी तीच. मग नाकतोडा म्हणतात तसं कागदाचं भांडण की पेट्रीडिश ताई म्हणतात तसं तंत्र चांगलंच, मला दोन्ही अर्धवट वाटतं. आम्हाला पिशवी विकली, बाकीचं कोणी विकलंच नाही कारण त्यात नफा नव्हता.

हिशोबतपासनीस

शेवटचं वाक्य +१००.

कोर्टकचेरी

नाकतोडा, बोमन निकाल बरोबर मांडलात, पण तो कायदा अमेरिकेचा आहे, आपल्याकडे ढकलू नका. भारताच्या पेटंट कायद्यात वनस्पती आणि बियाण्याला पेटंटच नाही, आणि २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा, इतकंच काय विकायचाही हक्क देतो, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. जगात इतका सैल कायदा फार थोड्या ठिकाणी असेल.

जाता जाता, कॅनडाच्या श्मायझर या शेतकऱ्याची गोष्ट पण कोणीतरी आणणारच, 'पराग उडून आले आणि बिचाऱ्यावर मोन्सॅन्टोची केस'. तसं नव्हतं. कोर्टात सिद्ध झालं ते असं की त्याने ग्लायफोसेट फवारून जगलेली झाडं हेरली, त्यांचं बी राखलं आणि १९९८ ला हजारेक एकर त्याच बियाने पेरले. २००४ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने हरला, पण पैसे एक छदाम द्यावे लागले नाहीत, कारण त्या जनुकातून त्याला जादा नफा झालाच नव्हता. दोन्ही बाजू यातला आपापला अर्धा भाग सांगतात.

नाकतोडा

कायदा सैल आहे म्हणता, मग आपल्याकडे बी राखतंय कोण? बीटी कापूस जवळपास सगळा हायब्रीडच विकला. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया सरळ वाण लावतात, आपण हायब्रीड. हक्क कागदावर, पण राखण्यासारखं बीच हातात नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या बोलगार्डवर (मोन्सॅन्टोचं कापसातलं बीटी) भारतात पेटंट नव्हतंच! तरी देशी बियाणे कंपन्यांशी करार करून प्रत्येक पिशवीमागे रॉयल्टी वसूल झाली. पेट्रीडिश, तुम्ही म्हणालात हायब्रीड जीएमच्या आधीपासून होतं. होतं ना, म्हणूनच त्याच्या आत जनुक घालून विकलं. कुलूप जुनं होतं, तिजोरीत माल नवा ठेवला.

पेट्रीडिश

मग सरकारने सरळ वाणात बीटी आणावं, मी पहिली टाळ्या वाजवेन.

कोर्टकचेरी

आणलं होतं. बिकानेरी नरमा बीटी, २००९, सरकारी संस्था, सरळ वाण, बी राखता येईल असं. मग तपासणीत त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक निघालं आणि ते गुंडाळावं लागलं. चौकशी समिती वगैरे सगळं झालं.

पेट्रीडिश

हो. हा मुद्दा लागतो, आमच्या क्षेत्रात त्यावर अजून मान खाली घालून बोलतात.

हिशोबतपासनीस

मला खरं तर मूळ प्रश्नच चुकीचा वाटतोय. जनुक वेगळं, मालक वेगळा असे दोन कप्पे होतच नाहीत काही ठिकाणी. डायकांबा हे तणनाशक बघा. ग्लायफोसेट मारून मारून राजगिऱ्याच्या जातीचं एक तण तिकडे असं निगरगट्ट झालं की मरेना, मग कंपनीने डायकांबा सहन करणारं सोयाबीन आणलं. डायकांबा उन्हात वाफ होऊन उडतं. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला झळ बसली, पानं द्रोणासारखी वळलेली. आता तुम्ही शेजारी आहात, तुमचं बी साधं आहे. काय कराल? पुढच्या वर्षी तेच डायकांबावालं बी घ्याल, गरज म्हणून नाही तर जीव वाचवायला. म्हणजे शेजाऱ्याची फवारणीच कंपनीची सेल्समन झाली! मिसुरीच्या एका पीच बागायतदाराला २०२० मध्ये ज्युरीने २६.५ कोटी डॉलर दिले, पुढे रक्कम कमी झाली, पण पीचमध्ये डायकांबा सहन करणारं वाण मिळत नाही म्हणून तो कोर्टात तरी गेला. सोयाबीनवाला गपचूप पिशवी घेतो.

हे पेटंट संपलं तरी संपत नाही. राउंडअप (म्हणजे ग्लायफोसेट) सहन करणाऱ्या सोयाबीनच्या पहिल्या पिढीचं पेटंट २०१५ ला संपलं, आर्कान्सा विद्यापीठाने बी राखता येईल असं वाणही काढलं. पण तोवर तणच मरेनासं झालं होतं. शिळं झाल्यावर फुकट.

कुठला गुणधर्म बसवायचा हे कोण ठरवतो तिथे सत्ता आहे. तणनाशक खपतं म्हणून तणनाशक सहन करणारं झाड होतं. कमी पावसात तग धरणारी बाजरी कोणाला परवडणार?

पेट्रीडिश

बाजरीवर सरकारी संस्था काम करतात हो, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत. आणि जनुक संपादन आता आलंय, त्यात बाहेरचं जनुक नसतं, खर्च कमी. २०२५ च्या मे मध्ये आपल्याकडे सरकारी संस्थांनी तसे दोन भात जाहीर केले. दार थोडं उघडतंय.

नाकतोडा

जनुक संपादनाच्या त्या कात्रीवर पण पेटंट आहेत, आणि पिकांसाठी त्यांचे परवाने देणाऱ्यांत कोर्टेव्हा पुढे आहे, म्हणजे डाऊ-ड्यूपाँटचंच पोर. पण डायकांबाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. शीर्षकात 'की' लिहिलंय ते चुकलं बहुतेक. शीर्षक तसंच ठेवतो, नाहीतर खालचे प्रतिसाद अधांतरी लटकतील.

मिरगाचा किडा

बांधावरून भाऊ, मग तुम्ही यंदा काय लावलं?

बांधावरून

बीटीच, हायब्रीड. दुकानात दुसरं होतं कुठे. यंदा मात्र कामगंध सापळे आहेत आणि डिसेंबरच्या पुढे कापूस ठेवायचा नाही असं शेजारच्या तिघांशी बोलून ठरवलंय, चौथा ऐकत नाही, त्याचा बांध नेमका माझ्या उगवतीला. पाते लागलेत. उद्या सापळ्यांच्या गोळ्या बदलायच्यात, पहाटे निघायचंय, चला.