खिचडी वाटणे हे पुण्य नसेल तर काय आहे?

सुखलियाकर:
आमच्या वसाहतीतले एक मराठी ख्रिस्ती काका दर रविवारी उपासना आटोपली की एमवाय रुग्णालयाबाहेर मुक्काम ठोकलेल्या रुग्णांच्या नातलगांना खिचडी वाढतात. दोनदा मीही त्यांच्यासोबत गेलो. अहिल्याबाईंच्या इंदूरात वाढलेल्याला अन्नछत्र नवे नाही; पण ‘काका, मोठे पुण्य जोडताय’ असे मी म्हणालो तेव्हा ते अवघडले आणि ‘पुण्यासाठी नाही हो’ एवढेच बोलले. मग कशासाठी? ख्रिस्ती श्रद्धेत भुकेल्याला जेवू घालण्याचे नेमके स्थान काय, हे जाणकारांनी सांगावे.

मूळचा नगरचा:
काका बहुधा आमच्यासारखे प्रॉटेस्टंट असावेत. आमच्या समजुतीप्रमाणे तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, सत्कृत्यांच्या मोबदल्यात नव्हे. त्यामुळे खिचडी ही पुण्याची ठेव ठरत नाही, मिळालेल्या कृपेबद्दलची ती कृतज्ञता असते. मात्र बायबलच्या नव्या करारातले याकोबाचे पत्र लगेच बजावते की, उघड्या-उपाशी भावाला नुसते ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावणारा विश्वास निर्जीव आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो की, मी भुकेला असताना तुम्ही मला खायला दिलेत. त्यावर नीतिमान लोक चकित होऊन विचारतात, ‘प्रभू, तुला भुकेला आम्ही कधी पाहिले?’ मला तो उतारा या प्रश्नासाठीच आवडतो, कारण ज्यांनी जेवू घातले त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. आणि वाढप हे मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, कधी हलके काम मानले गेले नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार झाली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडावे लागले. पुढे हुतात्मा झालेला स्तेफन त्यांच्यापैकीच. (मंडळीतले पहिले मोठे भांडण जेवणावरून झाले, हे वाचून आमच्याकडच्या पंगती आठवतात!)

स्पष्टवक्ता:
काकांबद्दल आदर आहे. परंतु दुष्काळात धान्य देऊन माणसे ख्रिस्ती केली गेली, या आरोपाचे काय? उपाशी माणसाची संमती ही खरी संमती म्हणता येईल का?

मूळचा नगरचा:
प्रश्न रास्त आहे. ‘पोटासाठी बाटलेले’ हा टोमणा आमच्या आजोबांनीही ऐकला आहे. तो सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही, परंतु ही अडचण काही मिशनऱ्यांनाही दिसत होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ओंगोलचे (आजच्या आंध्र प्रदेशातले) बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे कंत्राट घेऊन भुकेल्यांना मजुरीचे काम मिळवून दिले आणि मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा जलविधी) देणेच थांबवले. ते संपल्यावर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. टीकाकार या आकड्याकडे बोट दाखवतील, मी त्याआधीच्या थांबण्याकडे दाखवीन. अट घातली की ते दान राहत नाही, सौदा होतो. सुखलियाकरांनी काकांना कधी पत्रके वाटताना पाहिले आहे का?

सुखलियाकर:
नाही. ते नावही विचारत नाहीत, फक्त ‘आणखी वाढू का?’ एवढेच विचारतात.

पलासियावाला:
मी कॅथलिक आहे, म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे सेवा ताटापाशी संपत नाही. सिस्टर राणी मारिया यांनी देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम केले. त्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा आपल्या इंदूरातच झाला. खिचडी देणाऱ्यावर सहसा कोणी चिडत नाही. माणूस उपाशी का राहिला, हे विचारणाऱ्यावर मात्र चिडतात. काकांना पुढच्या रविवारी हेही विचारून पाहा, आणि जमल्यास मलाही सोबत न्या. माझ्याकडे मोठे पातेले आहे.