मांजर ऑक्सिजनच्या पेटीत आहे, डॉक्टर हात लावू देत नाहीत

भुरीची_ताई: आमची भुरी ६ वर्षांची, गावठी. दोन दिवस जेवली नव्हती, काल रात्री बघते तर मान पुढे काढून, कोपरं अंगापासून लांब ठेवून बसलेली, पोट भात्यासारखं हलतंय, आणि मग तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. रात्री दीडला रिक्षा करून नेलं. डॉक्टरांनी माझ्या हातातून घेतली ती थेट काचेच्या पेटीत, एक इंजेक्शन दिलं बस, एक्स-रे नाही रक्त नाही काही नाही. आता म्हणतात छातीत पाणी वाटतंय, जरा शांत झाली की सुईने काढू. ती आतून माझ्याकडे बघून तोंड उघडते पण आवाजच येत नाही हो. दार उघडून नुसतं कुरवाळू पण देत नाहीत. आणि एवढा ऑक्सिजन चालू आहे तर उतार का पडत नाही? घरी मशीन भाड्याने आणून केलं तर?

गोट्याचा_बाबा: ताई, घरी नका नेऊ, हात जोडतो. आमच्या गोट्याला पहिल्या दवाखान्यात आल्या आल्या कुशीवर दाबून धरून एक्स-रे काढायला घेतला, टेबलावरच जीभ निळी पडली. कसाबसा वाचला. तुमचे डॉक्टर थांबलेत ते बरोबर करतायत. दुसरीकडे त्याचं १८० मिली पाणी निघालं, ४ किलोच्या जिवातून! सुई बाहेर आली आणि दहा मिनिटांत पाय पोटाखाली घेऊन नीट बसला.

आयसीयू_नाइटशिफ्ट: मी प्राण्यांच्या आयसीयूत काम करते म्हणून सांगते. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पेटीत आम्ही ४० ते ६० पर्यंत नेतो. दार उघडलं की तो भसकन बाहेर जातो आणि परत भरायला वेळ लागतो, म्हणून हात घालू देत नाहीत. शिवाय धाप लागलेल्या मांजराला धरपकड, सुया, अनोळखी हात सहन होत नाहीत, झटापटीतच जीव जातो. ते इंजेक्शन बहुतेक भीती कमी करणारं असेल.
उतार का नाही, तर फुप्फुसाभोवती पाणी असलं की ते फुगतच नाही, मुठीत दाबलेला फुगा समजा. ऑक्सिजनने तेवढा वेळ मिळतो, खरा आराम पाणी काढल्यावरच. पाणी कशाचं ते मात्र तपासायला सांगाच: दुधासारखं, पू, की पिवळं चिकट, त्यावर पुढचं सगळं ठरतं, हृदय पण बघावं लागतं. आणि ६० टक्क्यांच्या वर दिवसभर ठेवलं तर ऑक्सिजननेच फुप्फुसाला इजा होते, म्हणून जमेल तसा हळूहळू कमी करतात.
घरच्या मशीनचं म्हणाल तर बंद डब्यात नळी सोडली की आत गरम होतं, उच्छ्वास साठतो, डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय नकोच.

भुरीची_ताई: आत्ताच काढलं, सोनोग्राफी करत, बसलेल्या अवस्थेतच. १४० मिली, पिवळसर, लॅबला पाठवलंय. तोंड मिटलंय तिचं. काचेला हात लावला तर आतून डोकं घासलं, मला रडूच आलं. घरी आल्यावर लक्ष काय ठेवू?

आयसीयू_नाइटशिफ्ट: गाढ झोपलेली असताना मिनिटभर श्वास मोजायचे, छाती वर-खाली एक धरून. रोज लिहून ठेवा. ३० च्या वर सारखे जायला लागले तर लगेच फोन, आणि तोंड उघडलं तर फोन पण नको, थेट निघा.