शब्दचर्चा : ‘भात लावला का?’

ठाणेकरीण
मुरूडच्या आत्याला परवा सकाळी अकराला फोन केला. सहज विचारलं, “भात लावला का?” तर म्हणाली, “अगं, अर्धा राहिलाय अजून. माणसंच मिळत नाहीत.” एका कुकराला माणसं कशाला लागतात, हे कळायला मला चांगला अर्धा मिनिट लागला. जुलै महिना, ती लावणीचं सांगत होती!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. खाचरात उभा तो भात, झोडून कणगीत भरला तोही भात, गिरणीतून आणला की तांदूळ आणि शिजला की पुन्हा भात. गव्हाची पोळी झाली की तिला कोणी गहू म्हणत नाही. मग भातालाच ही सूट का? तुमच्याकडे काय म्हणतात?

शब्दवेडा
मूळ संस्कृत ‘भक्त’. भज् म्हणजे वाटणे. वाटून दिलेला भाग, म्हणून जेवण, म्हणून शिजवलेला तांदूळ. थोडक्यात, शब्द आधी ताटातला, शेतात मागाहून गेला. तांदूळ ‘तण्डुल’वरून आणि साळ, म्हणजे तुसासकटचा भात, ‘शालि’वरून. (देवाचा भक्त आणि पानातला भात एकाच धातूचे, हे आमच्या घरी सांगितल्यापासून वरणभाताला भलताच मान आलाय.)

गोंदियावाला
आमच्याकडे ही भानगडच नाही. शेतात असते ते धान. रोपांसाठी पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखल करून रोवणी करायची, कापलं की चुरायचं, म्हणजे मळायचं. भात फक्त ताटात. आणि चुलीवर भात लावत नाही, मांडतो.

पेडणेकर
कोंकणीत तर उलटा न्याय. भात म्हणजे शेतातलं, तुसासकट. शिजलं की शीत. मराठीत शीत म्हणजे भाताचा एक दाणा, ‘शितावरून भाताची परीक्षा’मधला. लहानपणी पुण्याला पाहुणा गेलो होतो, पंगतीत म्हणालो, “वहिनी, थोडं शीत वाढा.” त्यांनी विचारलं, “एकच?”

ठाणेकरीण
😄 आणि साळ? ती आता कोणी बोलतं का? मला फक्त साळीच्या लाह्या माहीत आहेत.

आजरेकर
नावांत आहे की! आमचा घनसाळ तांदूळ, भौगोलिक मानांकन मिळालेला. तसाच जिरेसाळ.

पण मला वेगळ्याच शब्दाची काळजी आहे: हातसडी. शहरातल्या एका दुकानात हातसडीचा तांदूळ मागितला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, सडका माल आम्ही ठेवत नाही.” त्याला दोष कसा देणार? सडणे म्हणजे कुजणे एवढंच त्यानं ऐकलेलं. उखळात भात आधी कांडायचा, म्हणजे तूस सुटतं. मग तोच तांदूळ पुन्हा मुसळानं सडायचा, म्हणजे वरचा तांबूस कोंडा निघतो. हातानं सडताना तो सगळा काही निघत नाही, आणि फायदा तिथेच आहे. कोंड्यात ब-1 जीवनसत्त्व असतं. जावा बेटावर 1890च्या दशकात आइकमन या डच डॉक्टरांनी पाहिलं की पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. त्याच वाटेनं पुढे माणसांच्या बेरीबेरी या आजाराचं कारण सापडलं. 1929 साली त्यांना नोबेल मिळालं.

पेडणेकर
म्हणूनच आमचा उकडा! तुसासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं, मग गिरणीत घातला तरी बरंच टिकतं. त्याची दहाच्या सुमाराची पेज आणि सोबत खाराची कैरी. पांढऱ्या तांदळाच्या पेजेला ती चव नाही, हे मी भांडूनही सांगेन.

ठाणेकरीण
आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, ‘लावणे’ हा शब्दच कुकरवाल्यांचा. तिच्या आईकडे आधण आलं की तांदूळ वैरत, आणि दाणा बोटचेपा झाला की वेळणी धरून भात वेळत, म्हणजे वरचं पाणी काढून टाकत. टाकत म्हणजे कसलं, मीठ घालून पीत! वैरणे मला नवीनच. गुरांच्या वैरणीशी नातं आहे का?

शब्दवेडा
जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे घालणं, तेही वैरणंच. आत्यांना विचारा, आधणात तांदूळ एकदम ओतत की मुठीनं सोडत?

ठाणेकरीण
विचारलं. मुठीनं.