फीड मिलच्या स्टीम बॉयलरवरून पिल्लांच्या शेडला गरम पाण्याचा लूप काढलाय, पंप खडखड करतोय

नवापूर_पोल्ट्री
राम राम मंडळी. ब्रॉयलरची शेड आहे आणि बाजूला घरचीच छोटी फीड मिल. मिलला तासाला १०० किलो वाफ देणारा बॉयलर, चालवतो ०.८ किलो प्रेशरवर, एक किलोच्या आतला म्हणून आयबीआरमध्ये (सरकारी बॉयलर नियमांत) येत नाही. जाळायला पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) नाहीतर पांढरा कोळसा (शेतकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या). डिसेंबरात रात्री पिल्लं गारठून कोपऱ्यात ढीग करतात, खालची दबून मरतात, म्हणून म्हटलं बॉयलर आहेच तर त्याच्या खालच्या टॅपिंगवरून गरम पाणी काढून शेडमध्ये दीड इंची पाइप फिरवू. पहिले दोन दिवस मस्त चाललं, आता पंपात कोणी खडी टाकल्यासारखा आवाज येतो, लांबचे पाइप गारच, आणि सकाळी बघतो तर बॉयलरची गेज ग्लास (पाण्याची लेव्हल दाखवणारी काच) पूर्ण भरलेली. तसाच पेटवला तर स्टीमबरोबर पाणी मिलमध्ये जातं नि मॅशचा (दळलेल्या खाद्याचा) चिखल होतो. फिटर म्हणतो पंप बदला. बदलू का?

धुळ्याचा_बॉयलरवाला
थांब भो, पंप बदलू नको. आधी तीन गोष्टी सांग. पंप कुठे बसवलाय, शेड बॉयलरपेक्षा किती उंच, आणि लूपच्या डोक्यावर एअर व्हेंट (हवा काढायचा व्हॉल्व्ह) आहे का?

नवापूर_पोल्ट्री
शेड टेकाडावर, बॉयलरच्या पाण्याच्या लेव्हलपासून १२ फूट तरी वर. पंप वर शेडपाशीच, लाइटचं कनेक्शन तिथंच होतं ना. व्हेंट आहे, ऑटोमॅटिक, फिटरनेच लावला.

धुळ्याचा_बॉयलरवाला
मग झालं, सगळं यातच आलं. ०.८ किलोवर बॉयलरातलं पाणी ११६ डिग्रीच्या आसपास असतं, ते पाणी राहतं फक्त वरच्या दाबामुळे. १२ फूट वर चढेपर्यंत दाब ०.३७ किलो कमी होतो, त्यात पंप अजून ओढतो, मग पंपाच्या तोंडाशीच पाण्याची वाफ होते आणि इंपेलरवर (पंपाच्या फिरत्या चाकावर) तिचे बुडबुडे फुटतात. खडीचा आवाज तोच. नवा पंप आणशील तर तोही आठ दिवसांत तसाच वाजेल.
आता गेज ग्लासचं. रात्री आग मंदावली की बॉयलरचं प्रेशर शून्यावर येतं, पण लूपचं डोकं १२ फूट वर, म्हणजे तिथे दाब हवेपेक्षाही कमी. बंद पाइप असता तर पाणी वर टांगून राहिलं असतं, आपण नळीचं वरचं टोक बोटाने दाबून धरतो तसं. तुझा व्हेंट म्हणजे ते बोट उचलल्यासारखं, तो हवा आत घेतो नि सगळं पाणी बॉयलरमध्ये उतरतं. व्हेंट काढून तिथे प्लग मार, पंप खाली बॉयलरपाशी जमिनीलगत आण, आणि परतीचं थंड पाणी बायपासने पंपाच्या आधी मिसळ म्हणजे पंपाला ८० डिग्रीचंच पाणी मिळेल. पंपाच्या सक्शनला स्ट्रेनर (गाळायची जाळी) पण टाक, खालच्या टॅपिंगमधून सगळा गाळ येतो.

शिरपूर_जिनिंग
एवढी भानगड कशाला, शेडपाशी पाण्याच्या टाकीत थेट स्टीमचा पाइप सोडा, आमच्याकडे असंच चालतं.

धुळ्याचा_बॉयलरवाला
चालतं हो, पण सोडलेली स्टीम परत येत नाही, तेवढं नवं पाणी रोज बॉयलरला, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी, महिन्यात ट्यूबला खपल्या. टाकीत कॉइल टाकून स्टीम तिच्या आतून फिरवली तर कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) तरी परत मिळतं.

जळगाव_मेकॅनिकल
मी पण कॉइलच्याच बाजूचा. नवापूरवाले दादा, लूपला जाताना-येताना पाण्यात किती डिग्रीचा फरक आणि तासाला किती लिटर फिरतं?

नवापूर_पोल्ट्री
दहा डिग्री. लिटर अंदाजे दोन हजार, पंप चांगला चालला त्या दिवशी बादली लावून मोजलं होतं.

जळगाव_मेकॅनिकल
म्हणजे तासाला २० हजार किलोकॅलरी. एक किलो स्टीम साधारण ५३० देते, म्हणून ३८ किलो स्टीम एकट्या शेडला. १०० किलोच्या बॉयलरचा तिसऱ्या हिश्श्याच्या वर लूपच खातो. मिल चालू असताना प्रेशर पडत असेल, पेलेटचा (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्यांचा) भुगा होत असेल?

नवापूर_पोल्ट्री
होतो ना! आम्ही मक्याला शिव्या देत होतो.

जळगाव_मेकॅनिकल
मक्याची चूक नाही त्यात. मिल दिवसा, शेड रात्री अशी पाळी लावा. आणि ही बॅच निघाली की टाकी वर शेडपाशीच ठेवा, लूपच्या पाइपपेक्षा उंच ओट्यावर. स्टीम १२ फूट आरामात चढते, कंडेन्सेट उताराने आपोआप बॉयलरच्या पाण्याच्या फीड टाकीत येतं, आणि पंप टाकीखाली, तुमचं लाइटचं कनेक्शन तिथंच आहे. फक्त हजार लिटरच्या टाकीवर रात्र निघेल असं समजू नका, २० डिग्री उतरेपर्यंत ती एकच तास पुरते, आगीवर माणूस लागणारच.

नवापूर_पोल्ट्री
चार दिवसांनी लिहितोय. व्हेंटला प्लग मारला, पंप खाली आणला, बायपास जोडला. आवाज गेला, सकाळी गेज ग्लास अर्ध्यावरच. पिल्लं पसरून बसतात आता, बघायला बरं वाटतं. कॉइलची टाकी पुढच्या बॅचला करतो. स्टीम ट्रॅप (कंडेन्सेट सोडून स्टीम अडवणारा व्हॉल्व्ह) कोणता घेऊ, दुकानदार थर्मोडायनॅमिक देतोय, स्वस्त आहे म्हणे.

धुळ्याचा_बॉयलरवाला
कॉइलला फ्लोट ट्रॅपच. थर्मोडायनॅमिक घ्यायचाच तर एक छोटा घे, वर जाणाऱ्या स्टीम लाइनच्या ड्रेनला लाव.