मदत हवी आहे : ॲबाची 1981-82 ची गाणी, मुंबईत एलपी (मोठी रेकॉर्ड) कुठे मिळेल?

मंडळी, ॲबा हा स्वीडिश पॉप बँड म्हटलं की लग्नाच्या संगीतापासून पबपर्यंत सगळीकडे तेच डान्सिंग क्वीन नि मनी मनी मनी, पण 1981 चा द व्हिजिटर्स हा अल्बम कुणी नीट ऐकलाय का? तोवर बँडमधल्या दोन्ही जोडप्यांचे घटस्फोट झालेले, आणि ते गाण्यात जाणवतं, नाचायला उपयोग शून्य पण रात्री हेडफोन लावून ऐका. आणि 1982 चं द डे बिफोर यू केम तर कहर आहे, जवळपास सहा मिनिटं, कोरस नाहीच, एक बाई नुसती सांगत जाते की सकाळी ट्रेन पकडली, पेपर वाचला, ऑफिसला गेले. डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात बसून ऐकलं तर अंगावर येतं हो. हे ब्रिटनमध्ये फक्त 32 नंबरपर्यंत गेलं म्हणे, कमाल आहे लोकांची!

तर मला द व्हिजिटर्सची जुनी एलपी हवीय, मामाच्या साठीला द्यायला. ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान 2016 लाच बंद झालं, आता चोरबाजारात जायचं का फोर्टच्या फुटपाथवर? जुन्या रेकॉर्डला साधारण किती मोजावे लागतात, आणि ओरखडे तिथल्या तिथे कसे तपासायचे, दुकानदार वाजवून दाखवतात का?

शिवाय कसांड्रा, शुड आय लाफ ऑर क्राय अशी सिंगलच्या मागच्या बाजूची अजून कुठली गाणी ऐकावीत तेही सांगा. फर्नांडो सुचवू नका प्लीज.