सोयाबीनचा हमीभाव 5,328, मग मोंढ्यात सौदा त्याच्या खाली कसा?

शिवार_औसा: 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे, तरी मोंढ्यात (बाजार समितीत) सौदे त्याच्या खालीच होतात. हमीभावाच्या आत माल घेणं गुन्हा आहे का? सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढलं, तरी सोयाबीन का उठलं नाही? आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल घालायचा तर आधी काय काय तपासून घ्यावं?

तेलबिया: शुल्काचं आधी सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड (डीओसी). म्हणजे प्लांटवाला पैसे मोजतो ते मुख्यतः पेंडीच्या हिशोबानं. तेल किलोमागं 20 रुपयांनी महागलं, तर क्विंटलमागं 360 रुपये वाढतात. पण पेंड किलोमागं 5 रुपयांनी उतरली की 400 रुपये गेलेच. फायदा धुऊन निघाला.

14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचं, उपकर धरून एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झालं. पेंडीला मात्र कुणी हात लावला नाही. उलट मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारं डीडीजीएस स्वस्तात मिळू लागलं आणि कोंबडीखाद्यात त्यानं पेंडीची जागा घेतली. पुढं मे 2025 च्या अखेरीस मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं, एकूण 16.5 वर आलं. शहरात तेल महागलं की शुल्क लगेच उतरतं, पेंडीचा भाव पडला की सगळे गप्प. माझ्या मते मागणी पेंड निर्यातीच्या अनुदानाची हवी, नुसत्या तेलाच्या शुल्काची नको. त्यात वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) डिसेंबर 2021 मध्ये बंद केले आणि बंदीची मुदत वाढतच गेली. पेरताना पुढच्या भावाचा अंदाज घ्यायला काही उरलं नाही.

सातबारा_परभणी: कायद्याचं बोलायचं तर हमीभाव म्हणजे सरकारनं जाहीर केलेला खरेदीचा दर. व्यापाऱ्यावर तो बंधनकारक नाही. उसाशी ताडून बघा. एफआरपीला, म्हणजे उसाच्या किमान दराला, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे, 14 दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज लागतं. सोयाबीनला असा आदेशच नाही. 2018 मध्ये राज्यानं हमीभावाच्या आत खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि 50 हजार दंड असा निर्णय घेतला होता. व्यापाऱ्यांनी सौदे बंद पाडले आणि तो बारगळला. त्यात अडचणही खरी होती: ओला, डागी माल हमीभावानं घ्यायची सक्ती केली तर तो कुणी घेणारच नाही.

केंद्र सरकारच्या मूल्य समर्थन योजनेत, म्हणजे हमीभावाच्या सरकारी खरेदीत, साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या 25 टक्क्यांपर्यंतच खरेदी होते. म्हणजे चार पोत्यांतली तीन मोंढ्यातच जाणार.

काटा_पट्टी: खरेदी केंद्रावर जायची तयारी. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) सोयाबीनच लागलंय ना, ते आधी बघा. सोयाबीन-तूर मिश्र पेरा असेल तर क्षेत्र विभागून लागतं आणि तेवढाच माल घेतात, कारण मर्यादा हेक्टरी उत्पादकतेवर ठरते. सामाईक खातं असेल तर नोंदणी कुणाच्या नावावर, ते घरात आधी ठरवा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

ओलावा 12 टक्क्यांच्या आत, काडीकचरा-माती 2 टक्क्यांच्या आत हवी. नोव्हेंबर 2024 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळाली होती, ती त्या हंगामापुरती. दरवर्षी तसंच होईल असं धरून चालू नका. माल ताडपत्रीवर वाळवा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. नमुना ढिगाच्या वरचा घेऊ नका, बुडातला घ्या. ओल तिथं दबून राहते आणि केंद्रावर पोतं तिथंच नापास होतं.

शिवार_औसा: वाळवलं की वजन घटतं, ते परवडतं का?

काटा_पट्टी: 15 टक्क्यांचा 100 किलो माल 12 वर आणला की 96.6 किलो उरतो. हमीभावानं ती घट 181 रुपयांची. मोंढ्यातला भाव हमीभावापेक्षा किती खाली आहे तो आकडा घ्या, त्यातून हे 181, हमाली आणि केंद्रापर्यंतचं भाडं वजा करा. दोनशे-अडीचशे रुपये उरत असतील तर वाळवा आणि थांबा. पैशाला महिनाभर उशीर झाला तर घर चालेल का, तेवढं मात्र आधी बघा.